यादीत नाव आलं आणि आई शाळेत यायची थांबली

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. गाव चाकणच्या कारखान्यांना लागून. वर्गात 34 मुलं, निम्म्याहून जास्त पालक बाहेरगावाहून कामाला आलेले. गेल्या महिन्यात वाचनाची चाचणी घेतली आणि कच्च्या 9 मुलांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. घरी जरा लक्ष द्यावं, एवढाच हेतू. दुपारी सव्वाचारला यादी टाकली, रात्री पावणेदहाला एका मुलाच्या आईचा व्हॉइस मेसेज आला, "आम्ही शिकलेलो नाही म्हणून आमच्या पोराचं नाव चव्हाट्यावर मांडलं का?" मग बाकीचेही सुरू झाले, कोणी तिच्या बाजूनं, कोणी माझ्या. मीही चिडून लिहिलं, "घरी अभ्यास घेतला असता तर ही वेळ आली नसती." तेव्हापासून ती शाळेकडे फिरकली नाही. आमच्याकडे वडिलांचा नंबर आहे, तो कोणी उचलत नाही. मुलगा तोंडी हिशोबात वर्गात पहिला, रविवारी मामाच्या भाजीच्या गाडीवर सुट्टे पैसे तोच देतो. पण आता वाचायला उभा केला की मान खाली घालतो. मुख्याध्यापक म्हणतात, जाऊ द्या, विसरतील. दहा दिवसांवर पालकसभा आहे, पहिल्या सत्राची प्रगतिपत्रकं द्यायची आहेत. काय करू?
तिसरीच्या बाई

बाई, 'जाऊ द्या' हे तेवढं ऐकू नका. ग्रुपवरचे लोक विसरतील, ती आई विसरणार नाही. आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची जी कर्तव्यं लिहिली आहेत, त्यात पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हेही आहे. म्हणजे सांगायला तुम्ही चुकला नाहीत. ज्याचं त्याला सांगायचं होतं, ते 33 घरांना सांगितलंत, चूक ती.

जरा घड्याळ बघा. यादी सव्वाचारला गेली, उत्तर पावणेदहाला आलं. अशा घरांत बहुतेक वेळा चांगला फोन एकच असतो आणि तो वडिलांच्या खिशात असतो. ते कामावरून आले, फोन उघडला, आणि वाचता न येणाऱ्या बाईला तिच्या पोराचं नाव त्यांनी वाचून दाखवलं. कोणत्या सुरात, ते तुम्हाला माहीत नाही. त्या रात्री त्या खोलीत आधी कोण कोणाला काय बोललं असेल, आणि पोराला काय मिळालं असेल, त्याचा उरलेला भाग तुमच्या ग्रुपवर आला. फोन न उचलण्यालाही राग समजू नका. बऱ्याच कारखान्यांत मोबाइल गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तुम्ही शाळेच्या वेळात फोन करत असाल तर तो लॉकरमध्ये वाजतोय.

सुरुवात मुलापासून करा, आईपासून नको. उद्याच, मधल्या सुट्टीत, बाकीची मुलं बाहेर असताना: "तुझं नाव यादीत घालून मी सगळ्यांना पाठवलं, ते माझं चुकलं. आता नाही पाठवणार." एवढंच. लगेच 'आता वाचून दाखव बरं' म्हणू नका. निदान दोन आठवडे त्याला सगळ्यांसमोर एकट्याला उभं करून वाचायला लावू नका. जोडीनं वाचायला द्या, किंवा तुमच्या टेबलाशी हळू आवाजात चार ओळी.

मग ग्रुप. यादी आता पुसायची वेळ गेली, आणि पुसली तरी कोणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतोच. त्यापेक्षा लिहा: "वाचनाची यादी मी ग्रुपवर टाकायला नको होती. नंतरचं माझं उत्तरही चुकीचं होतं. यापुढे प्रत्येक मुलाबद्दल त्याच्या पालकांशीच बोलेन." यात 'पण' येऊ देऊ नका. 'हेतू चांगला होता पण' असं लिहिलंत की माफी गेली आणि बचाव उरला. हेच आवाजातही पाठवा, अर्ध्या मिनिटात, कारण जिच्यासाठी हे आहे तिला वाचता येत नाही. हिंदी बोलणारे पालक असतील तर तेच हिंदीतून एकदा.

त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील असं करा. ग्रुपवर सुट्टी, गणवेश, आरोग्य तपासणी, आणायची कागदपत्रं, सहलीचे पैसे एवढंच जाऊ द्या. मात्र पालकांचं तोंड असं बंद केलंत तर दुसरं दार उघडावं लागतं. रोजची एक वेळ जाहीर करा, समजा शाळा सुटल्यावर सव्वापाच ते सहा, आणि त्या वेळात फोन खरोखर उचला. रात्री दहाला आलेल्या रागाच्या मेसेजला रात्री दहाला उत्तर द्यायचं नसतं. "उद्या सव्वापाचला फोन करते" एवढं पुरे. आजारपण किंवा मूल घरी पोचलं नाही, याला अर्थातच वेळ नसते.

आता आईला भेटायचं. शाळेच्या गेटवर नको. तिथे पोरगा हात धरून उभा असतो, चार बायका कान देऊन असतात, आणि पाच मिनिटांत काहीही धड बोलून होत नाही. निरोप वडिलांच्या फोनवर संध्याकाळी, घरी पोचायच्या वेळेला पाठवा आणि त्यात तक्रारीचा वासही नको: "त्याच्या हिशोबाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची आहे आणि माझी चूक झाली तीही बोलायची आहे. पंधरा मिनिटं हवीत. कोणता दिवस जमेल?" दिवस त्यांना ठरवू द्या. चाकण-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. पालकसभाही इतर वारी अकराला ठेवलीत तर रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होतो, मग 'पालक येतच नाहीत' म्हणायला आपण मोकळे. गुरुवारी संध्याकाळी ठेवून बघा.

भेटीत बसायचं कसं, यावरही बरंच अवलंबून असतं. बाई खुर्चीवर आणि पालक पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून, असं बसलात तर ती आई पुन्हा शाळकरी मुलगी होते, आणि शाळेच्या तिच्या आठवणी चांगल्या असतील असं धरून चालू नका. दोघी एकाच बाकावर, शेजारी बसा, मध्ये वही. पहिली पाच मिनिटं तुम्ही विचारायचं, तिनं बोलायचं: घरी काय करतो, कशात रमतो, झोपतो किती वाजता, शाळेबद्दल काय सांगतो. ती चिडली तर चिडू द्या. 'शांत व्हा' म्हटल्यानं आजवर कोणी शांत झालेलं नाही. ती म्हणते ते कागदावर लिहून घ्या. लिहिणारी बाई दिसली की आवाज आपोआप खाली येतो. शिवीगाळीवर गेलीच तर भेट थांबवा आणि पुढची मुख्याध्यापकांसमोर ठेवा.

मग वाचनाचं. इथे बहुतेक शिक्षक घसरतात, कारण ते निकाल सांगतात: 'कच्चा आहे', 'लक्ष नाही', 'हुशार आहे पण आळशी'. या शब्दांचं घरी काहीच करता येत नाही, फार तर पोराला एक धपाटा. त्याऐवजी भेटीच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून न शिकवलेला साधा उतारा एक मिनिट वाचून घ्या आणि तारीख टाकून लिहून ठेवा: किती शब्द वाचले, कुठे चुकला. समजा 22 शब्द वाचले, 7 चुकले. त्या सातांत काय आहे ते बघा. 'प्रकाश'चं 'पकाश' आणि 'सूर्य'चं 'सूर' झालं असेल तर रकार आणि रफार अडतोय. 'शाळेत'चं 'शाळा' झालं असेल तर तो पहिली अक्षरं बघून पुढचं अंदाजानं ठोकतोय. आणि 'पाणी'चं 'पानी', 'शेत'चं 'सेत' झालं असेल तर ती चूक धरूच नका. ती त्याच्या घरची बोली आहे. शब्द त्यानं बरोबर ओळखलाय, उच्चार घरचा केलाय. चाचणी घेताना ण-न, ळ-ल, श-स यांच्या फुल्या मारल्या असतील तर तुमच्या 9 मुलांच्या यादीतली एक-दोन नावं कदाचित तिथे असायलाच नको होती. यादी पुन्हा तपासा.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानानं तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत असं लक्ष्य ठेवलं आहे. हा आकडा तुमच्या नियोजनासाठी ठेवा, आईच्या डोक्यावर मारू नका. (मराठीत 'शाळेतल्यांनासुद्धा' हाही एकच शब्द मोजला जातो, हे आकडे ठरवणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं.) तिला वहीतली ओळ बोटानं दाखवा: "हे बघा, साधे शब्द वाचतो. अक्षराला अक्षर जोडून आलं की थांबतो. बाकी सगळं येतंय."

'मला कुठे वाचता येतं, मी काय करू?' असं ती विचारेलच. काम एकच द्या, दोन नाहीत. रोज 10 मिनिटं, ती भाकरी करत असताना, त्यानं शेजारी बसून पाच ओळी मोठ्यानं वाचायच्या. तिनं ऐकायचं आणि शेवटी विचारायचं, "काय झालं त्यात, सांग मला." चूक काढायची नाही, ते काम तुमचं. वाचून झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानंच त्या तारखेवर खूण करायची. पाच ओळी कुठल्या, हे तुम्ही रोज पेन्सिलीनं खुणा करून द्या. पुस्तक घरी पाठवून 'वाचून घ्या' म्हणाल तर तीन दिवसांत बंद पडेल. 'क्लास लावा' हे तर अजिबात म्हणू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नं शिक्षकाला खासगी शिकवणी करायला मनाई आहे, त्यामुळे ते तुम्ही घेणार नाहीच, आणि दुसऱ्याचा सुचवलात तर ती म्हणेल, मग शाळा कशाला?

वडील भेटले तर बहुधा म्हणतील, "बाई, तुम्ही दोन ठेवून द्या, आमची काही तक्रार नाही." हसून सोडून देऊ नका. त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, पालकांच्या परवानगीनं त्यात फरक पडत नाही. पण कायदा सांगण्यापेक्षा त्यांना हे सांगा: मार बसला की मूल ओळ पाठ करून म्हणायला शिकतं, वाचायला नाही. आणि यादीच्या रात्री त्याला मार बसला होता का, हे हळूच विचारा.

'डिस्लेक्सिया', म्हणजे वाचन शिकण्यातला दोष, हा शब्द तुमच्या तोंडून जाऊ नये. आधी डोळे. फळ्यावरचं उतरवताना चुकतो का, पुढच्या बाकावर आणल्यावर फरक पडतो का, हे आठवडाभर बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यात त्याचं नाव आवर्जून सांगा. सहा ते आठ आठवडे रोजचं वाचन होऊनही अडकण्याचा प्रकार तोच राहिला, तर केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवा.

भेट झाली की पालक-भेट नोंदवहीत तीन ओळी लिहा: तारीख आणि कोण आलं, काय बोललं गेलं, दोघांनी काय करायचं ठरलं. तिला वाचून दाखवा आणि मगच सही किंवा अंगठा घ्या. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही स्वतःहून कळवायचं, बदल तसूभर असला तरी: "आज 'प्रकाश' बरोबर वाचला." पहिल्या भेटीनंतर महिनाभर शाळेकडून काहीच आलं नाही, तर कॅलेंडरवरच्या खुणाही थांबतात.

प्रगतिपत्रकांचं थोडक्यात. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवर फिरतात, त्यातलं 'अभ्यासात सातत्य ठेवावे' या मुलाच्या पत्रकात टाकू नका. 'विशेष प्रगती'खाली लिहा, "तोंडी बेरीज-वजाबाकी अचूक, सुट्ट्या पैशांचा हिशोब बिनचूक." 'सुधारणा आवश्यक'खाली, "जोडाक्षरं असलेले शब्द वाचताना थांबतो. रोज 10 मिनिटं मोठ्यानं वाचन." सभेत कोणाचंही पत्रक मोठ्यानं वाचायचं नाही. 34 पालकांना पाच-पाच मिनिटं दिली तरी तीन तास जातात आणि शेवटचे दहा जण निघून जातात. सभा 45 मिनिटांची सगळ्यांसाठी ठेवा, पत्रकं त्यानंतर रोज सात पालकांना, पाच दिवसांत, समोर बसवून द्या. यादीतल्या उरलेल्या आठ मुलांच्या पालकांना पहिल्या दोन दिवसांत बोलवा. त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही म्हणजे त्यांना लागलं नाही असं नाही.

आणि एवढं करूनही ती आली नाही, तर तुम्ही जा. सहशिक्षिकेला बरोबर घ्या, आधी वडिलांना फोनवर विचारा. चाळीत बाई आलेल्या दिसल्या की शेजारपाजारी समजतात, पोरानं काहीतरी केलं. म्हणून आत जायच्या आधी दारातच, शेजारणीला ऐकू जाईल इतक्या आवाजात, त्याच्या हिशोबाचं कौतुक करा. चहा ठेवला तर नको म्हणू नका. वही पिशवीतच राहू द्या, तिनं विचारेपर्यंत.