चौकशी चालू आहे, मुदतही चालू आहे

वाचकांचे कायदेशीर प्रश्न

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. साडेतीन महिन्यांपूर्वी शहरातल्या एका पोलीस ठाण्यात मला संध्याकाळी चौकशीला नेलं, कबुलीसाठी रात्रभर डांबून पट्ट्यानं मारलं आणि सकाळी कसलाही कागद न देता सोडलं. दुसऱ्याच दिवशी आयुक्तालयात अर्ज दिला. विचारायला गेलं की ‘चौकशी चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. निकाल लागला की भरपाईचा दावा लावायचा आहे. किती थांबावं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : थांबू नका. अर्जावरच्या चौकशीतून कुणाची वेतनवाढ रोखली जाईल, कुणी निलंबित होईल, पण तुमच्या हाती रुपया येणार नाही. शिवाय ती चालू आहे म्हणून दाव्याची मुदत एक दिवसही पुढे सरकत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे, कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. डांबून मारणं हे कर्तव्यात बसतच नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटलं आहे, म्हणजे ही सहा महिन्यांची अट तुम्हाला लागू नाही, आणि तुमचे वकील ते दाखवतीलच. पण सरकारी वकील पहिला आक्षेप मुदतीचाच घेतो. त्याला ती संधी कशाला द्यायची? हे कलम बाजूला ठेवलं तरी बेकायदा डांबल्याबद्दलच्या भरपाईची मुदत एकच वर्ष आहे.

दाव्याआधी नोटीस लागते. कलम १६१ ची एक महिन्याची, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची. दोन्ही कलमांचा उल्लेख करून एकच नोटीस द्या आणि दोन महिने पूर्ण होऊ द्या. तुमचे साडेतीन महिने गेलेत, म्हणजे हाताशी जेमतेम दोन आठवडे आहेत. नोटीस याच आठवड्यात गेली पाहिजे.

ती पाठवण्यातच बरेच जण चुकतात. फक्त पोलीस आयुक्तांना पाठवून भागत नाही. राज्य शासनासाठी जिल्हाधिकारी किंवा शासनाच्या सचिवांना द्या आणि संबंधित अधिकाऱ्याला त्याच्या नावानं वेगळी द्या. बदली झाली असेल तर नव्या ठिकाणी. नोटिशीत तुमचं नाव, वर्णन, पत्ता, घटनेची तारीख-वेळ, काय घडलं आणि किती भरपाई हवी हे सगळं यावं. पोचपावत्या जपून ठेवा. नोटीस दिली हे दाव्यातही लिहावं लागतं, नाहीतर दावा तिथेच अडतो. शासन पक्षकार असल्यानं दावा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जाईल. रागाच्या भरात पन्नास लाख लिहू नका. कोर्ट फी मागणीच्या रकमेवर बसते. औद्योगिक कामगार म्हणून तुम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागू शकता.

आता पुरावा. मारहाणीनंतर सिव्हिलला जाऊन एमएलसी (पोलीस प्रकरणातल्या जखमांची डॉक्टरांनी केलेली नोंद) केली असेल तर तिची प्रत काढा. नसेल तर सीसीटीव्हीवर मदार. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्यांतलं चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी ठेवायचं आहे. प्रत्यक्षात ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर तयारच असतं. म्हणून तारीख आणि तासांसह ‘हे चित्रण जपून ठेवा’ असं पत्र आयुक्तांना देऊन आवक शिक्का घ्या. स्टेशन डायरीची (ठाण्यातल्या रोजच्या घडामोडींच्या नोंदवहीची) नक्कल माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. डायरीत तुमचं नावच नसेल तर तेही तुमच्याच उपयोगाचं.

कागद भक्कम असतील तर उच्च न्यायालयात रिट याचिकेतूनही (मूलभूत हक्क मोडल्याबद्दल थेट तिथं करायच्या अर्जातूनही) भरपाई मिळते. तिथं शासनाला सार्वभौम अधिकाराची, म्हणजे ‘राज्यकारभारातल्या कृत्याबद्दल शासनावर दावा चालत नाही’ अशी ढाल वापरता येत नाही, हे १९९३ पासून पक्कं आहे. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची फेरी वाचते. मात्र ‘मारलंच नाही’ असा वाद उभा राहिला की न्यायालय बहुधा दिवाणी दाव्याकडे बोट दाखवतं.

प्रश्न : पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे गेलं तर? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जरूर जा. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, नियम डावलून अटक, खंडणी, जमीन बळकावणं असे विषय तिथं चालतात. सोलापूर पुणे विभागात येतं. शपथपत्र आणि कागदांच्या प्रती जोडा. प्राधिकरण शासनाला अहवाल देतं, तुम्हाला भरपाईची डिक्री (न्यायालयाचा हुकूमनामा) नाही. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत.

प्रश्न : पोलिसाविरुद्धची फिर्याद ठाण्यात घेतच नाहीत. – एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : तीच फिर्याद पोस्टानं पोलीस उपायुक्तांना पाठवा. तरी हालचाल नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. लोकसेवकाचा प्रश्न असल्यानं ते आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतील, त्यात वेळ जाईल. खटल्याला शासनाची मंजुरी लागलीच, तर १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाली असं धरलं जातं. लाच मागितली असेल तर ही वाट नको, थेट १०६४, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन. नाइलाजानं पैसे देऊन बसला असाल तर सात दिवसांच्या आत कळवा, नाहीतर देणाराही आरोपी होतो.