बीमचा पल्ला आणि नेटवर्कची जोडणी

प्रिय,

तुझ्या प्रकरणातला वायरलेस नेटवर्कचा आलेख काल रात्री नीट पाहिला. मेहनत दिसते. पण दिशात्मक, म्हणजे एकाच बाजूला झोत टाकणाऱ्या, अँटेनांबद्दलच्या तुझ्या 'दिशात्मक अँटेनांमुळे पल्ला वाढतो, म्हणून कनेक्टिव्हिटी वाढते' या वाक्यातला 'म्हणून' मला अजून पटलेला नाही.

कागद घे. ९० अंशांचा आदर्श बीम (झोत) धर, साइडलोब, म्हणजे बाजूला गळणारे छोटे झोत, नाहीत. गेन, म्हणजे झोतात ताकद किती पट एकवटते ते, ४; दोन्ही टोकांचा मिळून १६. मोकळ्या जागेत पाथ लॉसचा (अंतरासोबत सिग्नल क्षीण होण्याचा) घातांक २, म्हणजे पल्ला ४ पट आणि त्या पल्ल्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १६ पट. पण बीम वाट्टेल तिकडे वळलेले असतील, तर दोन नोड (नेटवर्कमधली उपकरणं) नेमके समोरासमोर असण्याची शक्यता सोळात एक. हिशेब बरोबरीत सुटला, सरासरी शेजारी, म्हणजे थेट जोडलेले नोड, होते तेवढेच राहिले. आता घातांक ४ घे. पल्ला फक्त दुप्पट, क्षेत्रफळ ४ पट, शक्यता मात्र तीच. शेजारी पाव उरले! तू सिम्युलेशन फक्त २ वर चालवलंस आणि त्यातही बीम कायम समोरासमोर धरलेस. माझ्या पहिल्या सिम्युलेशनमध्ये मीही हेच केलं होतं. ते लक्षात यायला मला दोन महिने लागले.

खरी गंमत पुढे आहे. घातांक २ वर शेजारी तेवढेच असले, तरी नेटवर्क तेच राहत नाही. आता शेजारी जवळ गर्दी करून नाहीत, लांबवर विखुरलेले आहेत. अशा लांब लिंक दूरदूरचे पुंजके एकमेकांना जोडतात, त्यामुळे कमी शेजाऱ्यांतही एक मोठा घटक, म्हणजे आपसांत जोडलेल्या नोडांचा समूह, उभा राहतो. पर्कोलेशनच्या, म्हणजे विखुरलेल्या जोडण्यांतून मोठा समूह कधी तयार होतो याच्या, अभ्यासात हे २००५ च्या सुमारास स्पष्टपणे मांडलं गेलं आहे. पण एकटे पडलेले नोड यामुळे कमी होत नाहीत. नोड यादृच्छिक पसरलेले असतील आणि सरासरी शेजारी ५ असतील, तर एखादा नोड साफ एकटा पडण्याची शक्यता e चा उणे पाचवा घात, म्हणजे हजारात सुमारे ७. अँटेना कुठलीही असो, हा आकडा तोच राहतो. तेव्हा कनेक्टिव्हिटी म्हणजे तुला नक्की काय म्हणायचंय, सगळे नोड जोडलेले की बहुतेक? पहिल्या अर्थाने तुझा दावा उभा राहत नाही, दुसऱ्या अर्थाने राहू शकतो. हे प्रकरणाच्या पहिल्याच पानावर लिही.

बीम हवा तिकडे वळवता येत असेल, तर चित्र पुष्कळ सुधारतं. मात्र वळवायचा कुठे, हे आधी कळायला हवं, आणि शेजारी शोधताना एक बाजू ऑम्नी (सगळ्या दिशांना सारखी) ठेवली की तो लांब पल्ला हाताशी नसतो. शिवाय बधिरता आहेच: समोरच्या नोडचा बीम दुसरीकडे वळलेला असतो, तुझी विनंती त्याला ऐकूच जात नाही, आणि तू ती पॅकेटांची टक्कर समजून बॅकऑफ, म्हणजे पुन्हा पाठवण्याआधीची थांबण्याची वेळ, वाढवत बसतोस. आलेखावर लिंक आहे, प्रत्यक्षात पॅकेट जात नाही. यावर एक परिच्छेद पुरे, तुझा विषय मॅक (कोणी कधी पाठवायचं याचे नियम) नाही.

घातांक २, ३ आणि ४. बीम यादृच्छिक आणि वळवलेले. प्रत्येक वेळी सर्वांत मोठा घटक आणि एकटे नोड वेगवेगळे मोज. कडेच्या नोडांना शेजारी मुळातच कमी असतात, म्हणून आधी क्षेत्राच्या कडा एकमेकींना जोडून घे. साइडलोब शेवटी घाल. घातांक ३ चे निकाल हाती आले की लगेच पाठव, मी वाट पाहतोय.

तुझा,
सर