इंग्लंडमधल्या छोट्या गावात राहायला चाललोय. तिथली 'फेट' आणि चॅरिटी रन म्हणजे नेमकं काय? ओळखपाळख नसताना जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीमुळे इंग्लंडला चाललाय, घर मिळालंय ते शहरात नाही तर जेमतेम दोनशे घरांच्या गावात, आणि तिथल्या नोटीसबोर्डावर जूनमधल्या फेटचं आणि धावण्याच्या शर्यतीचं पोस्टर लागलंय. गावात ओळख कुणाचीच नाही, तर जावं का, आणि गेल्यावर करायचं काय?

जायला आमंत्रण लागत नाही. पण नुसते जाऊ नका, काम मागून घ्या. त्यातही कुणालाच नको असलेलं काम मागा: गाड्या लावून देणं, खुर्च्या मांडणं, संध्याकाळी कचऱ्याच्या पिशव्या बांधणं. मी विल्टशरमधल्या अशाच एका गावात अकरा वर्षं राहतेय. हे मला कळायला त्यातली दोन गेली.

त्या दोन वर्षांत आम्ही दोघं चांगले कपडे घालून फेटला जायचो, केक घ्यायचो, टाळ्या वाजवायचो आणि घरी यायचो. सगळे हसून बोलायचे, पण हवेबद्दल. दुसऱ्या दिवशी टपालपेटीपाशी तोच माणूस भेटला तर पुन्हा हवाच. (लोक तुटक आहेत असं अजिबात नाही. विषय कुठून काढावा हे त्यांनाही सुचत नसतं.) तिसऱ्या वर्षी मी एक काम घेतलं आणि त्याचा पार घोळ घातला. तेव्हापासून हवेवर बोलून मला कुणी वाटेला लावलेलं नाही.

त्या घोळाकडे येते, आधी फेट म्हणजे काय ते सांगते. शब्द मूळचा फ्रेंच, पण उच्चार अगदी 'नशीब' अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा, आणि इथला जूनमधला पाऊस पाहिला तर ते योग्यच वाटतं. जत्राच म्हणा, फक्त देव नाही, पाळणा असलाच तर एखादा, आणि बारा ते चार अशी वेळ ठरलेली. चार म्हणजे चार. चार वाजून दहा मिनिटांनी पताका उतरायला लागतात. गावच्या हिरवळीवर किंवा चर्चमागच्या मैदानात टेबलं मांडतात: केक, जुनी पुस्तकं, घरी वाढवलेली रोपं, कुणाच्या तरी माळ्यावरच्या नको असलेल्या वस्तू. गमबूट लांब फेकायची स्पर्धा असते. पन्हळीच्या उभ्या पाइपातून कापडी उंदीर सोडतात, तो खालून बाहेर पडताक्षणी बॅटनं हाणायचा. कुत्र्यांची स्पर्धा असते, तिच्यात 'सगळ्यात छान शेपूट हलवणारा' असा गट असतो आणि निकालावरून खरोखरची भांडणं होतात.

आता माझं काम. कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, "टॉम्बोला सांभाळाल का?" मी म्हटलं, त्यात काय! आमच्या सोसायटीत दर कोजागिरीला तांबोला मीच घ्यायचे. आदल्या रात्री बसून नव्वद चिठ्ठ्या केल्या, रकान्यांची तिकिटं छापली, आकडे पुकारायची तालीमसुद्धा केली. सकाळी टेबलापाशी पोचले तर तिथे शॅम्पूच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, बीन्सचे डबे, गोड शेरी असं काहीबाही मांडलेलं आणि प्रत्येक वस्तूला सेलोटेपनं एकेक नंबर चिकटवलेला. आपण ज्याला तांबोला किंवा हौजी म्हणतो त्याला हे लोक बिंगो म्हणतात. यांचा टॉम्बोला म्हणजे फिरतं पिंप आणि त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या. पौंडाला तीन काढायच्या, शेवटी शून्य किंवा पाच असलेला नंबर निघाला की त्या नंबराची वस्तू तुमची. बाकीच्या चिठ्ठ्या वाया. पुकारायचं काहीच नाही!

दोन वाजेपर्यंत माझं टेबल रिकामं झालं, तेवढ्यात पाऊस आला आणि सगळं गाव चहाच्या तंबूत कोंबलं गेलं. पिशवीत माझ्या नव्वद चिठ्ठ्या होत्याच. मी खुर्चीवर उभी राहिले. केकच्या टेबलावरचे उरलेले तीन केक बक्षीस ठेवले आणि आपला तांबोला लावला, पहिली ओळ, मधली ओळ, चार कोपरे, फुल हाउस, सगळं. चार कोपऱ्यांवर बक्षीस असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यावर बरीच चर्चा झाली. संध्याकाळी तंबू उतरवताना चौघांनी माझं नाव विचारलं आणि एकानं ते कागदावर लिहून घेतलं, नीट उच्चारता यावं म्हणून.

नारळाचंही सांगायला हवं. फेटमध्ये 'कोकोनट शाय' हा जुना खेळ असतो. खांबांवर नारळ ठेवतात, लाकडी चेंडू मारून पाडायचा, पाडला की नारळ तुमचा. नेम चांगला असतो लोकांचा. पण जिंकलेला नारळ फोडायचा कसा हे निम्म्यांना माहीत नसतं. एका घरात तो वर्षभर दार अडकवायला ठेवलेला मी पाहिलाय. मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन गेले, नारळ तळहातावर धरून फिरवत मधल्या रेषेवर ठक-ठक मारलं, दोन भकलं. समोरच्या पोरानं विचारलं, "यात युक्ती काय आहे?" आता नारळाच्या खेळाशेजारी दरवर्षी माझ्यासाठी एक स्टूल ठेवतात.

चॅरिटी रन म्हणजे चांगल्या कामासाठी पैसे जमवायची धावण्याची शर्यत, आणि ती त्याच दिवसाचा सकाळचा भाग. दहाला रन, बाराला फेट. हा क्रम विचार करून ठेवलेला असतो: धावून आलेला माणूस भुकेला असतो आणि त्याला बघायला आलेलं कुटुंब कंटाळलेलं, दोघंही केकच्या टेबलाकडेच वळतात. आमच्याकडे पाच आणि दहा किलोमीटर असे दोन मार्ग आहेत आणि लहान मुलांसाठी मैदानाला एक फेरी. तुमची मुलं असतील तर वयाचं आधी बघा. इथल्या ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमानुसार पाच किलोमीटरला किमान ११ वर्षं आणि दहाला किमान १५ लागतात, पोरगं कितीही पळतं असलं तरी.

शर्यत म्हटल्यावर डांबरी रस्ता डोळ्यासमोर आणू नका. गावाकडच्या रनचा बराच भाग शेतातून जातो. इथे खासगी शेतातूनसुद्धा सार्वजनिक पायवाटा असतात, त्यांवरून चालायचा हक्क कायद्यानं सगळ्यांना आहे. पण दोनशे माणसं एकदम धावत सोडायची तर शेतकऱ्याला आधी विचारावंच लागतं, कारण त्या सकाळी त्याला गायी दुसऱ्या शेतात न्याव्या लागतात. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, तिथे रांग लागते. आणि फाटक असेल तर इथला सोन्यासारखा नियम: जसं सापडलं तसं ठेवायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. पहिल्याच आठवड्यात हा पाठ करा, रनसाठी नाही, शेजाऱ्यांसाठी.

रनला सगळ्यात जास्त माणसं लागतात ती मार्शल म्हणून. पिवळं चमकणारं जाकीट घालून वळणावर उभं राहायचं, हात दाखवायचा, "शाब्बास, आता उतारच आहे!" असं ओरडायचं. (उतार नसतो.) एक लक्षात ठेवा, जाकीट घातलं म्हणून मार्शलला गाड्या अडवायचा अधिकार मिळत नाही. रस्ता बंद करायचा तर आधी जिल्ह्याच्या कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाकडून, रीतसर आदेश लागतो. त्यासाठी आजही १८४७ चा एक कायदा वापरतात. गाडी आली तर धावणाऱ्याला सावध करायचं, ड्रायव्हरला हुकूम सोडायचे नाहीत. आपल्याकडे मिरवणुकीत शिट्टी वाजवून एसटी थांबवणाऱ्या कार्यकर्त्याला हे जड जाईल.

मार्शलचं काम मी एकदाच केलं. पाचवाले डावीकडे, दहावाले उजवीकडे, एवढंच सांभाळायचं होतं. आमच्या वाण्याचा मुलगा दिसला, त्याच्याशी दोन शब्द बोलले, तेवढ्यात दहा किलोमीटरवाल्या सहा जणांना मी डावीकडे धाडलं. त्यातल्या एका गृहस्थांनी आयुष्यातली सर्वोत्तम वेळ नोंदवली. ते अजून मला नाताळचं कार्ड पाठवतात. पण कमिटीनं मला पुन्हा त्या वळणावर उभं केलेलं नाही.

पैसे कुठे जातात, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. आमच्याकडे निम्मे गावच्या हॉलच्या छपराला आणि निम्मे एअर ॲम्ब्युलन्सला. मला आधी वाटायचं हेलिकॉप्टर सरकारचंच असणार. तसं नाही. इंग्लंडमध्ये ही सेवा धर्मादाय संस्था चालवतात आणि बहुतेक खर्च देणग्यांतून निघतो. १९८७ मध्ये कॉर्नवॉलला पहिली सुरू झाली. मोठं इस्पितळ तासाभराच्या अंतरावर असलेल्या गावात तिला पैसे का मिळतात हे वेगळं सांगायला नको. आमच्या गावात एकदा ते हेलिकॉप्टर क्रिकेटच्या मैदानावर उतरलं होतं, त्या वर्षी वर्गणी मागायला कुणाच्या दारी जावंच लागलं नाही.

फॉर्मवर 'गिफ्ट एड'चा चौकोन दिसेल. तुम्ही इथे पुरेसा आयकर भरत असाल तर तिथे खूण करा. तुम्ही दिलेल्या प्रत्येक पौंडावर संस्थेला सरकारकडून २५ पेन्स जास्तीचे मिळतात, तुमच्या खिशातून काही जात नाही. मात्र हे देणगीला लागू आहे, रॅफलच्या, म्हणजे बक्षिसांच्या सोडतीच्या तिकिटाला नाही आणि धावायच्या प्रवेश फीलाही नाही, कारण त्याबदल्यात तुम्हाला काहीतरी मिळतं. म्हणून लोक प्रवेश फी वेगळी भरतात आणि 'मी धावतोय, मला स्पॉन्सर करा' म्हणून ओळखीच्यांकडून देणग्या वेगळ्या गोळा करतात. ऑफिसातला सहकारी असा निरोप पाठवेल तेव्हा पाच-दहा पौंड द्यावेत. वर्षातून एकदा तुमचीही पाळी येते.

हे सगळं चालवतं कोण? ग्रामपंचायतीसारखी इथे पॅरिश कौन्सिल असते, १८९४ च्या कायद्यानं आलेली, पण सरपंचाचा रुबाब नाही आणि तिजोरीही तेवढीच. फेट चालवते ती कमिटी, आणि कमिटीच्या मागे बहुतेक ठिकाणी महिला मंडळ. त्याला 'विमेन्स इन्स्टिट्यूट' म्हणतात. कल्पना कॅनडातली, इकडे १९१५ मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावर पहिलं मंडळ निघालं. केकच्या टेबलावर त्यांचं राज्य असतं. तिथे विकतचा केक नेऊन ठेवू नका, कुणी काही बोलणार नाही, पण तो मागे सरकत सरकत टेबलाच्या टोकाला जाईल. घरचं काही न्यायचं तर खुशाल न्या, फक्त सोबत चिठ्ठी लावा, त्यात काय काय आहे याची. शेंगदाणे, काजू, तीळ, दूध, अंडं, गहू ही सगळी इथल्या १४ घटकांच्या ॲलर्जीच्या यादीत बसतात. माझ्या शेंगदाण्याच्या चिक्कीचं त्यामुळे अजून काही जमलेलं नाही. नारळाच्या वड्या मात्र वीस मिनिटांत संपतात.

कमिटीत गेलात तर कागदपत्रांचंही थोडं कानावर पडेल. बिअरचा तंबू लावायचा तर जिल्ह्याच्या कौन्सिलला (पॅरिशच्या नव्हे) किमान दहा कामाचे दिवस आधी नोटीस द्यावी लागते, फी २१ पौंड, आणि एका वेळी मैदानात ४९९ पेक्षा जास्त माणसं नकोत, त्यात काम करणारेही धरायचे. रॅफलची तिकिटं फेटच्या जागीच विकली तर परवाना लागत नाही. महिनाभर आधीपासून पबमध्ये विकायला ठेवली तर कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. आमच्या खजिनदारांना हे सगळं तोंडपाठ आहे. तुम्हाला नसलं तरी चालेल.

आता काम मागायचं कसं, कारण इथे 'काही असलं तर सांगा' म्हटलं की कुणी काहीच सांगत नाही. त्याला नुसती सभ्यता समजतात. नेमकं बोला: "शनिवारी सकाळी आठ ते दहा मी मोकळा आहे, टेबलं उचलू शकतो." पोस्टरच्या तळाशी नंबर असतो, नाहीतर पबमध्ये विचारा. उलट बाजूनं, कमिटीतल्या कुणी "कदाचित तुम्हाला चहाच्या तंबूत डोकवायला आवडेल" असं म्हटलं तर ती सूचना नाही, ड्यूटी आहे. तीन तासांची.

आणि चहाच्या तंबूतच गेलात तर तिथे भलामोठा विजेचा बंब असतो, त्याला 'अर्न' म्हणतात. कमिटी सांगेल की फेट बाराला, तर बंब साडेअकराला लावा. ऐकू नका. पूर्ण भरलेला असेल तर आमच्याकडचा उकळायला तासाच्या वर घेतो. धावणारे पावणेअकरापासूनच कप घेऊन उभे राहतात, म्हणून साडेनऊलाच लावा. आणि त्याच एक्स्टेंशनवर कुणी बर्गरवाल्याचा फ्रीज लावला नाहीये ना, ते आधी बघा.