कोरा कागद आणि पहाटेची घंटा

"मॅडम, पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणतात. मग हे काही वाईट तर नाही ना?" खुर्चीत टेकता टेकताच त्यांनी विचारलं. वय 47, पतसंस्थेत लेखापाल. (त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

स्वप्न एकच. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचा वर्ग, स्थिरचित्राचा पेपर, शेवटची घंटा होते आणि समोरचा कागद कोरा. आठवड्यातून दोन-तीनदा दचकून जाग यायची. घरात कुणी शांती करून घ्या म्हणालं, पत्नीने समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं.

ही काळजी घेऊन बरेच जण येतात, म्हणून आधी पहाटेचं सांगते. झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं असतं. त्यात ठळक स्वप्नं पडण्याचा टप्पा रात्र सरेल तसा लांबत जातो. त्यामुळे पहाटे स्वप्नं जास्त पडतात आणि मध्येच जाग आली की नीट आठवतात. पुढे काय घडणार, याच्याशी त्याचा संबंध नाही.

अपघात किंवा मारहाणीचा प्रसंग स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसत असेल, झोपेत हातपाय झाडले जात असतील किंवा नवीन औषध सुरू झालं असेल, तर मी डॉक्टरांकडे पाठवते. इथे तसं काही नव्हतं.

"जाग आल्यावर भीती वाटते?"

ते थांबले. "भीती नाही. हळहळ वाटते."

स्वप्न सुरू झालं जूनमध्ये. त्याच सुमारास आठवीतली लेक चित्रकलेच्याच एलिमेंटरी परीक्षेचा फॉर्म घेऊन आली होती. "सही केली आणि विसरून गेलो," ते म्हणाले. मग हळूहळू बाकीचं आलं. इंटरमिजिएटला त्यांना 'ए' ग्रेड होती. मुंबईला जेजे कला महाविद्यालयात जायचं ठरवलं होतं. पण वडिलांचं दुकान बसलं, पाठच्या दोन बहिणी होत्या, कॉमर्स घेतलं. "वडिलांचं चुकलं असं नाही हं," हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पेपरला काय मांडलं होतं, असं विचारलं. क्षणात उत्तर आलं: तांब्याचा कलश, दोन वांगी, मागे निळं कापड. तीस वर्षांनी! मी वही-पेन्सिल पुढे केली. टेबलावर माझा पाण्याचा तांब्या होता. त्यांनी हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत तांब्याची उंची मोजली. हिशेबाच्या वह्यांनी वाकलेला माणूस त्या दोन मिनिटांत ताठ बसला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवलं नाही.

"म्हणजे आता नोकरी सोडू?" त्यांनी घाबरून विचारलं. अजिबात नाही. घराचा हप्ता आहे, मुलगी शिकते आहे. प्रत्येक स्वप्नामागे राहून गेलेली इच्छा असतेच, असंही मी मानत नाही. पण हळहळ इतकी स्पष्ट असेल, तर तिला आठवड्यातला एक तास तरी द्यायला हवा. रविवारी सकाळी, कुणाला दाखवण्यासाठी नाही, एवढंच ठरलं.

तीन महिन्यांनी ते चित्रांची गुंडाळी घेऊन आले. स्वप्न थांबलेलं नाही, महिन्याकाठी एखादं पडतं, पण पुन्हा झोप लागते. रविवारी लेकही शेजारी कागद घेऊन बसते.

त्यांनी एक चित्र उलगडलं. "कलश जमला, मॅडम. कापडाच्या घड्या अजून दगडासारख्या येतात," म्हणाले आणि त्या कशा सोडवायच्या, हेच नंतर अर्धा तास सांगत राहिले.