लिंक दिलीय, पण कशाची?

प्रश्न : ऑनलाइन बातमी वाचताना मधेच निळी अक्षरं दिसतात. क्लिक केलं की पुष्कळदा त्याच साइटची जुनी बातमी उघडते, कधी ‘पान सापडत नाही’ असं येतं. मूळ कागद क्वचितच हाती लागतो. या लिंक देतं कोण? आणि लिंक आहे म्हणजे बातमी खरी, असं धरायचं का ताई? – एक वाचक

उत्तर : नाही, तसं धरू नका. आता ‘देतं कोण’ याकडे वळते. कधी बातमीदार, कधी माझ्यासारखी डेस्कवर बातम्या तपासणारी माणसं आणि कधी कुणीच नाही. बऱ्याच साइटवर एखाद्या व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव आलं की सॉफ्टवेअर आपणहून त्यावर लिंक चढवतं. ती तुम्हाला त्या विषयाच्या जुन्या बातम्यांकडे नेते. तुम्ही साइट सोडून जाऊ नये म्हणून ही सोय असते, पुराव्याशी तिचा संबंध नाही. निळं काय केलंय तेवढं पाहा. नुसतं नाव निळं असेल तर बहुधा हाच प्रकार. आकडा किंवा ‘मान्य केलं’, ‘फेटाळलं’ असं क्रियापद निळं असेल, तर लिहिणाऱ्याला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. तिथे जरूर क्लिक करा.

आणि केलंत तर एका पायरीवर थांबू नका. समजा, बातमी म्हणते, ‘अमुक औषधाने विस्मरण कमी होतं, असं संशोधनात आढळलं.’ ‘संशोधनात’वर क्लिक केलं, तर दुसऱ्याच साइटची बातमी. तिच्यातली लिंक विद्यापीठाच्या प्रसिद्धीपत्रकाची. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत शोधनिबंधाचा पत्ता. तो उघडल्यावर सारांशातच कळतं की प्रयोग उंदरांवर झालाय. चार पायऱ्यांत उंदराचा माणूस झाला! यात कुणी ठरवून खोटं लिहिलेलं नसतं. प्रत्येकाने आधीच्यावर भिस्त ठेवलेली असते. सांगोवांगीच ती, फक्त निळ्या अक्षरांत.

म्हणून आमच्याकडे मी एक हट्ट धरते : जो कागद स्वतः उघडून वाचला नाही, त्याची लिंक द्यायची नाही. दोनशे पानी निकालपत्राची नुसती लिंक देणं म्हणजे वाचकाला ‘बसा शोधत’ म्हणणं. पान किंवा परिच्छेद क्रमांक कॉपीत, म्हणजे बातमीदाराने दिलेल्या मजकुरात, हवाच. नसला तर कॉपी परत जाते, बातमीदाराचं तोंड वाकडं होतं, ते मी पाहिलं न पाहिलंसं करते. क्रमांक विचारल्यावर समोरचा चाचरला की समजायचं, निकाल वाचलेलाच नाही, वृत्तसंस्थेच्या सारांशावर भागवलंय.

मूळ बातमी दुसऱ्याने फोडलेली असेल तर तिची लिंक देताना आमच्या धंद्यात अजून हात आखडतो. ‘माध्यमांतील वृत्तानुसार’ लिहायचं आणि त्या माध्यमाचं नावही घ्यायचं नाही, हा शुद्ध आयत्या बिळावरचा नागोबा. अमेरिकेतले पत्रकारितेचे प्राध्यापक जेफ जार्व्हिस यांनी 2007 मध्येच सांगितलं होतं की तुम्हाला जे उत्तम जमतं ते करा, बाकीच्यासाठी लिंक द्या. मला ते पटतं. मात्र काही वेळा लिंक न देणंच बरोबर असतं. फुटलेल्या कागदात कुणाचा पत्ता किंवा आजारपण उघडं पडत असेल, किंवा पान द्वेष पसरवणारं असेल, तर ‘आम्ही तो पाहिला आहे, अमुक कारणासाठी लिंक देत नाही’ असं एक वाक्य लिहावं.

आता मेलेल्या लिंकबद्दल. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या 1996 ते 2019 मधल्या बातम्यांतल्या लिंक हार्वर्डच्या अभ्यासकांनी तपासल्या आणि 2021 मध्ये निष्कर्ष मांडले. बाहेरच्या साइटवरच्या नेमक्या पानाकडे नेणाऱ्या लिंकपैकी एक चतुर्थांश बंद पडल्या होत्या. 1998 च्या लिंक पाहिल्या तर 72 टक्के. साइटची नवी मांडणी होते, पत्ते बदलतात, जुना पत्ता नव्याकडे वळवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. तुम्हाला असं पान भेटलं तर त्याचा पत्ता ‘वेबॅक मशीन’ या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर टाकून बघा. 2001 पासून ते सर्वांसाठी खुलं आहे, जुनी प्रत पुष्कळदा मिळते. पण माझ्या मते मेलेल्या लिंकपेक्षा जिवंत लिंक जास्त घातक. पान उघडतं, मजकूर मात्र गुपचूप बदललेला असतो. म्हणून बातमी चढवतानाच त्या पानाची प्रत जपून ठेवायची आणि पाहिल्याची तारीख लिहायची.

प्रश्न : ‘लाइव्ह अपडेट’मध्ये इतरांच्या पोस्ट नि व्हिडिओ एकाखाली एक चिकटवतात. ही पत्रकारिता कशी? – पत्रकारितेची विद्यार्थिनी

उत्तर : नुसतं चिकटवलं तर नाहीच. काय घेतलं, काय गाळलं आणि कशापुढे ‘पडताळणी झालेली नाही’ लिहिलं, यात काम असतं. 2011 मध्ये अरब देशांतल्या उठावांच्या वेळी अमेरिकेतल्या ‘एनपीआर’ या रेडिओ संस्थेचे अँडी कार्विन ट्विटरवर हेच करत होते. लिबियात सापडलेल्या एका तोफगोळ्यावर सहा टोकांचा तारा होता. तेवढ्यावरून तो इस्रायली असल्याचं पसरलं. कार्विननी फोटो पुढे ढकलला नाही, वाचकांनाच विचारलं की ही खूण कसली? उलगडा झाला तो असा : तारा म्हणजे उजेड पाडणारा गोळा आणि खालची चंद्रकोर म्हणजे पॅराशूट. देशाशी त्या खुणेचा काही संबंध नव्हता.

तू संकलन करशील तेव्हा प्रत्येक पोस्टसोबत कोण बोलतोय, तो तिथे हजर होता का आणि तुला हे किती वाजता मिळालं, एवढं आपल्या शब्दांत लिही. निव्वळ एम्बेडवर, म्हणजे मूळ साइटवरचीच पोस्ट आपल्या पानात दाखवण्यावर, विसंबू नकोस. मूळ पोस्ट काढून टाकली गेली की मजकुरात भगदाड पडतं. अशा संकलनासाठीच असलेली ‘स्टोरिफाय’ ही अख्खी सेवा 2018 च्या मे महिन्यात बंद झाली. ज्यांनी आपलं काम आधी उतरवून घेतलं, त्यांचंच वाचलं.