ब्लॉकचेन आणि शेतमालाच्या नोंदींचा खरेपणा

प्रश्न : शेतमालाच्या पुरवठा साखळीत ब्लॉकचेन आणली की भेसळ आणि फसवणूक थांबते, असे एका व्याख्यानात ऐकले. आमच्या शेतकरी गटाने त्यावर खर्च करावा का, की संगणकावरच्या साध्या नोंदी पुरतील?

उत्तर : सगळ्या नोंदी एकाच संस्थेच्या ताब्यात असतील आणि तिच्यावर सर्वांचा विश्वास असेल, तर साधा डेटाबेस पुरतो, तो स्वस्तही पडतो. शेतकरी, पॅकहाउस, वाहतूकदार, घाऊक खरेदीदार आणि विक्रेता यांपैकी कोणीच दुसऱ्याच्या वहीवर विसंबायला तयार नसेल, तेव्हा ब्लॉकचेनचा विचार करावा. तीत नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्याला आधीच्या गठ्ठ्याची गणिती खूण जोडलेली असते आणि प्रती अनेकांकडे असतात, त्यामुळे कोणी मागाहून खाडाखोड केली तर ती लपत नाही.

वॉलमार्ट ही किरकोळ विक्री कंपनी आणि आयबीएम ही संगणक कंपनी यांच्या ब्लॉकचेन चाचणीत कापलेल्या आंब्याच्या एका पाकिटाचा माग जुन्या पद्धतीने काढायला ६ दिवस, १८ तास आणि २६ मिनिटे लागली होती. नव्या पद्धतीने तो २.२ सेकंदांत लागला. हा वेग किती मोलाचा आहे, हे २०१८च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत दिसले. रोमेन लेट्यूस या सॅलडच्या पालेभाजीतून ई. कोलाय या जिवाणूची बाधा झाली आणि दूषित माल नेमका कुठला हे कळेना, म्हणून रोमेन मुळीच खाऊ नका, असे तिथल्या आरोग्य यंत्रणेला सांगावे लागले. ज्यांच्या शेतात काहीच दोष नव्हता, त्यांचाही माल त्यात बाद झाला, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने मला हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचते. मात्र या वेगाचे बरेचसे श्रेय, माझ्या मते, सर्वांनी एकाच नमुन्यात डिजिटल नोंदी ठेवण्याला आहे.

भेसळीबाबतचा दावा मात्र मला मान्य नाही. प्रतवारीच्या पट्ट्यावर दोन शेतांतला माल मिसळला आणि क्रेटवर एकाच शेताचे लेबल लागले, किंवा एका क्रेटचा क्यूआर कोड सोलून दुसऱ्यावर चिकटवला, तर ब्लॉकचेनला त्याचा पत्ताही लागत नाही. ती खोटी नोंदही तितक्याच निष्ठेने जपते. म्हणून क्रेट भरताना नोंद कोण करतो, वजन कोण पडताळतो आणि त्रयस्थ तपासणी कधी होते, हे आधी ठरवावे लागते.

तुमच्या गटाने पहिला खर्च लॉट क्रमांक, काढणीची तारीख आणि फवारणीच्या नोंदी शिस्तीने ठेवण्यावर करावा, कारण पुढे कोणतीही प्रणाली आली तरी ही माहिती लागणारच. एखादा मोठा खरेदीदार ब्लॉकचेनचा आग्रह धरत असेल, तर त्या खर्चातला त्याचा वाटा किती आणि तुमच्या नोंदी कोणाला पाहता येतील, हे करारात आधीच लिहून घ्यावे.