मेंदूच्या खेळांचं अ‍ॅप घेतल्यानं नीटचे मार्क वाढतील का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीत आहे, लातूरला रूम करून राहते, सराव परीक्षेत फिजिक्स मागं पडतंय आणि वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणते. मेंदूला व्यायाम देणारं अ‍ॅप वर्षभरासाठी घेऊन दिलं आणि रोज अर्धा तास खेळली, तर नीटला फायदा होईल का?

दादा, नका घेऊ. पैशापेक्षा त्या अर्ध्या तासासाठी सांगतोय.

बारावीनंतर मीही एक वर्ष लातूरला रिपीट केलं. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. आई सकाळच्या एसटीत डबा ठेवायची, मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. त्या वर्षी मी असलंच एक अ‍ॅप घेतलं होतं. पडद्यावर चौकटी क्षणभर उजळायच्या आणि मग त्याच क्रमानं दाबायच्या. जूनमध्ये पाच चौकटी जमायच्या, दिवाळीपर्यंत अकरा. डोकं तेज होतंय असं मला मनापासून वाटायचं. सराव परीक्षेचे मार्क मात्र ४१० च्या आगेमागेच. खेळात आकडा चढतोय म्हटल्यावर अभ्यासात काही चुकतंय ही शंकाच आली नाही, आणि चार महिने तसेच गेले.

खेळानं काहीच होत नाही असं नाही. माणूस त्या खेळात तरबेज होतो, पण ते कसब दुसरीकडं फारसं जात नाही. २०१० साली 'नेचर' या नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला. मेंदूचे अभ्यासक एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११,४३० जणांकडून सहा आठवडे असे खेळ करून घेतले होते. लोक त्या त्या खेळात सुधारले, पण त्याच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या चाचण्यांतसुद्धा त्याचा उपयोग दिसला नाही. २०१६ मध्ये ल्युमॉसिटी या प्रसिद्ध अ‍ॅपच्या कंपनीनं, शाळेत आणि कामात कामगिरी सुधारते अशा जाहिरातींच्या प्रकरणात, फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेला २० लाख डॉलर भरून तडजोड केली.

मला त्याहून जास्त पटलं ते एक जुनं उदाहरण. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चेस आणि एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी एका विद्यार्थ्याकडून ऐकलेले आकडे लक्षात ठेवायचा सराव करून घेतला. सुरुवातीला त्याला सातेक आकडे आठवायचे. सुमारे २३० तासांच्या सरावानंतर ७९ आठवायला लागले. तो धावपटू होता, आकड्यांचे गट शर्यतीच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर गाडी परत सहाएकावरच! आकड्यांचा सराव अक्षरांच्याही कामी आला नाही, तर चौकटींचा सराव ऑप्टिक्सच्या गणिताला कुठून येणार?

माझं गाडं हललं ते एका सरांमुळं. त्यांनी माझा एक पेपर समोर ठेवला. १८० पैकी ११२ बरोबर, ३८ चूक, ३० सोडलेले. म्हणाले, या ३८ चे तीन ढीग कर: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, घाईत खूण केली. दुसऱ्या ढिगात १४ प्रश्न निघाले. कुठं सेंटीमीटरचे मीटर करायचे राहिले होते, कुठं 'चुकीचं विधान कोणतं' विचारलं होतं आणि मी पहिलं बरोबर विधान दिसताच खूण करून मोकळा झालो होतो. येत असलेला प्रश्न चुकला की चार मार्क हातचे जातात आणि वर एक कापला जातो. १४ प्रश्न म्हणजे ७० मार्क! ते कुठल्या खेळात नव्हते, माझ्याच पेपरात पडले होते. त्या दिवसापासून चुकांची एक वेगळी वही केली आणि दर पेपरच्या आधी ती चाळायचो.

वाचलेलं लक्षात राहत नाही, यावर तिला एक सांगा: पुन्हा पुन्हा वाचणं कमी कर, पुस्तक मिटून लिही. मी नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक गाळणीची, आकृती रोज बघायचो, तरी तिच्यातल्या हेन्लेच्या लूपची, म्हणजे वळलेल्या नळीची, उतरती बाजू आणि चढती बाजू यांत गल्लत व्हायचीच. मग कोऱ्या कागदावर आठवून आकृती काढायला लागलो: उतरत्या बाजूनं पाणी बाहेर, चढत्या बाजूनं क्षार. पुस्तक उघडून चुका लाल पेननं दुरुस्त करायच्या, दुसऱ्या दिवशी परत, चार दिवसांनी परत. पहिल्यांदा अर्धा कागद लाल व्हायचा, जीव रडकुंडीला यायचा. पण राहतं ते असंच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच दाखवलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर मिटून आठवणारे पुढं गेले.

कुणी म्हणेल, नवोदयच्या परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे असतात, तिथं तरी खेळ चालतील. तिथंही आधीच्या वर्षांच्या आकृत्याच सोडवायला द्याव्यात, असं माझं मत. जे विचारणार तेच करून घ्यायचं.

जेवणानंतर दहा मिनिटं करमणूक म्हणून ती फुकटातला एखादा खेळ खेळत असेल तर रागवू नका, लेकरू दिवसभर खुर्चीत असतं. फक्त तो अभ्यासात मोजू नका, आणि झोप मोडून तर अजिबात नको.

रविवारी भेटायला जाल तेव्हा मार्क किती पडले हे आधी विचारू नका. शेवटचा पेपर मागा, शेजारी बसा आणि 'येत होतं पण चुकलं' असे किती, एवढंच तिला मोजायला लावा. तुम्हाला फिजिक्स येत नसलं तरी चालतं. माझ्या आईलाही येत नव्हतं, ती डब्यात चिठ्ठी ठेवून तो आकडा विचारायची.